डायनिंगच्या भिंतींना ग्रे द्यायचाय: झाक कुठली, किती गडद, फिनिश कुठलं?

पागोळी

पुण्यातला फ्लॅट, दुसरा मजला. हॉल एल आकाराचा आहे आणि त्याच्या आतल्या भागात डायनिंग: ९ बाय ११ फूट, उंची साडेनऊ फूट. दक्षिणेची बाजू हॉलला पूर्ण उघडी. उत्तरेच्या ९ फुटी भिंतीत ड्राय बाल्कनीचं ४ बाय ७ चं काचेचं दार, दिवसाचा सगळा उजेड तिथूनच. बाल्कनीला बाहेरून हिरवट पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावलाय. पूर्वेच्या ११ फुटी भिंतीत किचनचं दार, ३ बाय ७. पश्चिमेची ११ फुटी भिंत सलग कोरी, टेबल तिला लागूनच असतं.

फरशी २ बाय २ ची आयव्हरी व्हिट्रिफाइड. टेबल-खुर्च्या सागवानी, पॉलिश जरा केशरीकडे झुकणारं. छताला ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचा, एलईडी पॅनल (केल्विनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). भिंतींवर जुना लिंबोणी रंग आहे.

दुकानात शेडकार्डवर तीन ग्रे निवडले तेव्हा तिन्ही जवळपास सारखे वाटले. कार्ड घरी आणून भिंतीला लावलं तर एक चक्क आकाशी दिसतो, एक जांभळट, आणि तिसरा ओल्या सिमेंटसारखा. रंगारी म्हणतो, कार्ड कशाला, पांढऱ्यात काळा स्टेनर (बाटलीतलं दाट रंगद्रव्य) टाकून हवा तसा ग्रे करून देतो. काम गणपतीच्या आधी उरकायचंय.

विचारायचं ते असं: कुठल्या झाकेचा ग्रे घ्यावा, किती गडद, मॅट घ्यावा की चमक असलेला, आणि माल किती लागेल? स्टेनरचा सल्ला ऐकावा का?

गेरू

छटेचं नाव नंतर, आधी झाक ठरवा. दुकानात ज्याला ग्रे म्हणतात त्यात नुसतं काळं-पांढरं जवळपास कधीच नसतं. निळा, हिरवा, पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड यांपैकी काही ना काही थेंबभर असतंच, आणि भिंत रंगवली की तो थेंबच बोलायला लागतो. कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा असतो, म्हणून तो तिथे गप्प बसतो.

झाक ओळखायची असेल तर झेरॉक्सच्या कोऱ्या पांढऱ्या कागदाला छटेच्या तुकड्याहून जरा लहान चौकोनी भोक पाडा, कागद कार्डावर ठेवा आणि भोकातून एका वेळी एकच छटा दिसू द्या. शेजारच्या छटा झाकल्या की डोळा फसत नाही. दुसरं म्हणजे त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद छटा बघा. बहुतेक पट्ट्यांमध्ये वरच्या फिकट तुकड्यात जे लपतं ते खालच्या गडद तुकड्यात उघड दिसतं: खाली मोरपिशी असेल तर वरचा ग्रे निळा-हिरवा होणार, खाली वांग्याचा रंग असेल तर जांभळट होणार.

आता तुमची खोली. आयव्हरी टाइल म्हणजे पिवळसर. निळसर ग्रे तिच्या शेजारी आला की दोघांचंही नुकसान: भिंत आणखी निळी दिसते आणि फरशी चहा सांडून पुसल्यासारखी मळकट. सागवानाचंही तसंच. केशरी रंगाकडे बघणाऱ्या डोळ्याला शेजारच्या करड्यात निळा दिसू लागतो, कारण निळा हा केशरीचा विरोधी रंग. मिशेल शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली हे नीट मांडलं. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईचं काम त्याच्याकडे होतं आणि काळी लोकर फिकी पडते अशी तक्रार होती. त्याला आढळलं ते असं की रंगाईत दोष नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा तसा दिसत होता. तुमच्या टेबलाला लागून असलेल्या पश्चिम भिंतीवर नेमकं हेच होणार आहे. म्हणजे ग्रे तुम्हाला डोळ्यांना जेवढा हवा त्यापेक्षा कार्डावर थोडा उबदार घ्यावा लागेल.

जांभळट दिसणाऱ्या कार्डाचं कारणही सांगतो. ‘वॉर्म ग्रे’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच छटांची ऊब लाल ऑक्साइडने आणलेली असते. पिवळ्या दिव्यात त्या छान मातकट दिसतात, ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात मात्र जांभळ्या पडतात. तुम्हाला ऊब पिवळ्या ऑक्साइडची हवी, लालाची नको. लोक ज्याला ग्रेज म्हणतात, म्हणजे करडा आणि बेज यांच्या मधला, त्यातला पिवळ्याकडे झुकणारा, गुलाबीकडे न झुकणारा घ्या.

नुसत्या शब्दांनी कळत नसेल तर राल कार्ड (आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या ठरावीक रंगांचं कार्ड) मागा, बऱ्याच रंगाच्या दुकानांत किंवा पावडर कोटिंगवाल्यांकडे असतं. राल ७०३५ हा इलेक्ट्रिक पॅनलच्या पेट्यांचा थंड करडा, तो तुमच्या खोलीला नको. राल ७०४४ हा रेशमी, किंचित पिवळसर करडा: झाक या दिशेची, पण प्रत्यक्षात त्याहून फिकट. राल ७०३२ मध्ये पिवळा-हिरवा इतका जास्त आहे की आयव्हरीजवळ तो शेवाळी वाटू शकतो. तीनही शेजारी ठेवून बघितले की झाक म्हणजे काय ते एका नजरेत कळतं.

गडदपणासाठी एलआरव्ही बघा. छटा किती उजेड परत फेकते त्याचा तो आकडा, ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. अनेक कंपन्या तो कार्डाच्या मागे किंवा वेबसाइटवर देतात. उजेड एकाच बाजूने येणाऱ्या खोलीत ५५ ते ६२ च्या मधे राहा. ७० च्या वर गेलात तर तो ग्रे न वाटता मळलेला पांढरा वाटेल. ४० च्या खाली गेलात तर दुपारी दोनलाही दिवा लावावा लागेल.

आणि तो हिरवट पत्रा. खोलीतला दिवसाचा सगळा प्रकाश त्यातून गाळून येतो, म्हणून हिरवी झाक असलेला ग्रे तिथे दुप्पट हिरवा होईल. पत्रा बदलायचा विचार असेल तर दुधी रंगाचा लावा आणि रंग त्यानंतर निवडा. बदलायचा नसेल तर पत्रा आहे तसा ठेवूनच सॅम्पल बघा. दुकानाच्या दारात उन्हात उभं राहून घेतलेल्या निर्णयाचा इथे काही उपयोग नाही.

जाता जाता एक. ‘उत्तरेची खोली म्हणजे कायम थंड, निळा उजेड’ हा नियम युरोप-अमेरिकेतल्या लिखाणातून आपल्याकडे आलाय. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीत येतं, आणि मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पावसाळ्यात ढगांमुळे उजेड मंद होतो, ती गोष्ट वेगळी. आत्ता जुलैत ढगाळ दिवशी जो ग्रे सहन होतोय तो ऑक्टोबरनंतर जरा निळा दिसू शकतो, कारण तेव्हा उत्तरेला थेट ऊन नसतं, नुसत्या आकाशाचा उजेड असतो.

थापी

गेरू यांनी झाकेचं सगळं सांगितलंय, मी कामाचं सांगतो.

स्टेनरचा सल्ला ऐकू नका. पांढऱ्यात नुसता काळा घातला की निळसर ग्रे होतो, म्हणजे तुम्हाला जो नकोय तोच. शिवाय बादलीत अंदाजाने घातलेला स्टेनर पुन्हा त्याच मापात पडत नाही. पहिला हात एक, दुसरा हात वेगळा, आणि दोन वर्षांनी खुर्चीने ओरखडा पडला तर टचअप करायला तो रंग जगात कुठेच मिळत नाही. दुकानातल्या रंग मिसळायच्या मशिनवर बनवा, डब्यावरचं कोडचं लेबल फोटो काढून ठेवा: छटेचा कोड, बेसचं (ज्यात रंगद्रव्यं घालतात त्या मूळ रंगाचं) नाव, रंगद्रव्यांची मापं आणि तारीख, सगळं त्यात असतं.

मशिनवरही फिकट ग्रेमध्ये चूक होतेच. एक लिटरच्या डब्यात एखादं रंगद्रव्य मिलीच्या अंशातच पडतं, नोझल जरा सुकलेलं असलं की तेवढ्याने झाक हलते. म्हणून सगळा माल एकाच डब्यात घ्या. दुकानातच झाकण उघडायला लावा, बोटभर रंग कार्डावर लावून हेअर ड्रायरने वाळवा आणि मग ताडून बघा. ओला रंग बघून हो म्हणायचं नाही. इमल्शन (पाण्यातला प्लास्टिक रंग) ओलं असताना फिकट दिसतं, वाळलं की थोडं गडद होतं, ग्रेमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो.

हिशोब. तीन भिंती मिळून ११ अधिक ११ अधिक ९, म्हणजे ३१ फूट, गुणिले साडेनऊ, म्हणजे सुमारे २९५ चौरस फूट. दोन दारांचे ४९ वजा केले की २४५ च्या आसपास. माहितीपत्रकात दोन हातांसाठी लिटरला १२०-१४० चौरस फूट असे आकडे असतात, ते गुळगुळीत भिंतीचे आणि हात बसलेल्या माणसाचे. घरच्या कामाला १०० ते ११० धरा. अडीच लिटरच्या आत काम होतं, पण एक-एक लिटरचे तीन डबे घेऊ नका, ४ लिटरचा एकच घ्या. उरलेला दीड लिटर घट्ट झाकण लावून सावलीत ठेवा, डायनिंगच्या भिंतीला तो लागतोच. दोन डबे घ्यावेच लागले तर आधी एका मोठ्या बादलीत दोन्ही एकत्र घोळवा आणि मग सुरुवात करा.

जुना लिंबोणी रंग काय आहे ते तपासा. ओलं फडकं घेऊन भिंत जोरात पुसा. फडक्याला पिवळी भुकटी आली तर ते डिस्टेंपर (खडूसारखा सुटणारा स्वस्त रंग) आहे, ते खरवडावंच लागेल. त्याच्यावर थेट इमल्शन मारलं तर वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. फडकं स्वच्छ राहिलं तर इमल्शन आहे, मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक मारली, धूळ पुसली की पुरे. डागडुजीपुरती लांबी (पुट्टी) भरायची असेल तर ५ किलो होते. खरवडून दोन हात पूर्ण लांबी भरायची असेल तर २० किलोची एक गोणी धरा. लांबीचा शेवटचा हात ३२० नंबरने घासायचा.

आता जिथे सगळ्यात जास्त कामं बिघडतात ते. खिळ्यांच्या भोकांत, भेगांत भरलेली लांबी प्रायमर न मारता तशीच रंगवतात. लांबी रंग जास्त शोषते, त्यामुळे त्या जागा वाळल्यावर निस्तेज ठिपक्यांसारख्या दिसतात. क्रीम किंवा लिंबोणी रंगात ते खपून जातं, ग्रेमध्ये भिंतीला गजकर्ण झाल्यासारखं दिसतं. वर तिसरा हात मारूनही पुष्कळदा जात नाही. म्हणून लांबी भरलेल्या जागीच नाही, तिन्ही भिंतींना पाण्यातल्या प्रायमरचा एक सलग हात द्या, अडीच लिटर लागेल. लिंबोणीवर ग्रे मारताना पांढऱ्या प्रायमरचा आणखी एक फायदा: खालचा पिवळा वर डोकावत नाही.

प्रायमर मारल्यावर रात्री खोलीतले दिवे बंद करून मोबाइलची टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरा. खड्डे, थापीच्या रेघा, घासायच्या राहिलेल्या जागा सावल्यांनी उठून दिसतात. पेन्सिलने गोल करा, सकाळी रंगाऱ्याकडून दुरुस्त करून घ्या, त्या जागांवर पुन्हा प्रायमर, मगच रंग.

गणपतीच्या आधी म्हणजे ऐन दमटपणात. पश्चिमेची भिंत बाहेरची असेल तर तिची ओल आधी बघा: दीड फुटाचं चौकोनी प्लास्टिक चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवा, एक दिवस ठेवा. आतून दव धरलं किंवा खालची भिंत काळपट झाली तर रंग थांबवा. आत ओल ठेवून ग्रे मारलात तर फुगे येतील आणि लोणा वर येऊन पांढरी भुकटी सुटेल, आणि करड्यावर पांढरा लोणा लांबूनही दिसतो. भिंत कोरडी असेल तर काम करा, फक्त दोन हातांमध्ये नेहमीचे चार-सहा तास पुरणार नाहीत, एक अख्खी रात्र जाऊ द्या. पंखा चालू, बाल्कनीचं दार उघडं.

रोलर मारताना एक भिंत एका दमात पूर्ण करा. पश्चिमेच्या ११ फुटांत मधेच चहाला थांबलात तर थांबलेली रेघ ग्रेमध्ये कायमची दिसते. ब्रशने कडा कापायच्या आणि लगेच, ओलं असतानाच, रोलर त्या पट्ट्यावर आणायचा. आधी तिन्ही भिंतींच्या कडा कापून मग रोलर घेतला तर कडांना चौकट काढल्यासारखी दिसते.

दीपमाळ

रंगाच्या आधी दिवा बदला. मागाहून बदलाल तर निवडलेला ग्रे वेगळाच निघेल.

६५०० केल्विनचा पॅनल काढा. जेवणाच्या टेबलावर तो तसाही वाईट: वरणाचा पिवळा हिरवटतो, पोळी पांढुरकी दिसते, कोशिंबिरीतला टोमॅटो मेल्यासारखा. ३००० केल्विन घ्या. फारच पिवळा वाटत असेल तर ४०००, त्याच्या वर नको. केल्विनइतकाच महत्त्वाचा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा. स्वस्त एलईडीचा ८० च्या आसपास असतो, ९० किंवा वर असलेला मागून घ्या, खोक्यावर लिहिलेलं असतं. कमी सीआरआयच्या दिव्यात लाल मरतो, आणि गुंतागुंतीच्या मिश्रणातून बनलेला ग्रे कधी हिरवा, कधी जांभळा दिसायला लागतो. दोन ग्रे दुकानात सारखे आणि घरी वेगळे दिसतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं: रंगद्रव्यं वेगळी, एका दिव्याखाली जुळतात, दुसऱ्याखाली फुटतात.

९ बाय ११ ला एकूण २००० ते २५०० ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप) ठेवा. लिंबोणी भिंती ग्रेपेक्षा जास्त उजेड परत देत होत्या, त्यामुळे आत्ता आहे तेवढ्या उजेडात ग्रे खोली अंधारी वाटेल. टेबलावर लटकता दिवा घेणार असाल तर त्याची खालची कड टेबलाच्या पृष्ठभागापासून ३० ते ३४ इंच वर. त्यापेक्षा खाली आला तर समोरच्याचं तोंड झाकलं जातं, वर गेला तर बल्ब डोळ्यांत येतो.

पश्चिम भिंतीला अगदी चिकटून छतात स्पॉट लावू नका. भिंतीपासून दोन-अडीच फूट तरी आत घ्या. भिंतीवरून घासत खाली येणारा उजेड थापीची प्रत्येक लाट दाखवतो.

एक गोष्ट खोलीचं वर्णन वाचून लक्षात आली. किचनचं दार पूर्वेला, कोरी भिंत बरोबर समोर पश्चिमेला. किचनमध्ये ६५०० चा ट्यूब आणि डायनिंगला ३००० असं ठेवलंत तर रात्री त्या ग्रे भिंतीवर दाराच्या आकाराचा निळसर पट्टा पडेल. क्रीम भिंतीवर तो कळतही नाही. किचनमध्ये ४००० करा, ओट्यावर चिरायला-निवडायला तो पुरेसा स्वच्छ उजेड असतो.

चुनकळी

गेरू यांच्या ५५ ते ६२ एलआरव्हीशी मी सहमत नाही, निदान तिन्ही भिंतींसाठी नाही. फरशी आयव्हरी, छत पांढरं आणि भिंती ६० च्या असल्या की खोलीत कुठेच जोर राहत नाही, ‘गिलाव्यावर प्रायमर मारलाय, रंग यायचाय’ असं वाटतं. उत्तर-पूर्वेला ६० ठेवा आणि टेबलामागची पश्चिम भिंत त्याच पट्टीवर दोन पायऱ्या खाली, ४५ च्या आसपास न्या. सागवान तिच्यापुढे उठून दिसेल. ती भिंत दाराच्या काचेतून येणारा उजेड आडवा झेलते, त्यामुळे काळवंडणार नाही. फक्त पट्टी तीच हवी. दोन वेगळ्या झाकांचे ग्रे एकाच कोपऱ्यात भेटले की एक तरी चुकीचा वाटतोच.

फिनिशबद्दल कोणी बोललं नाही. पूर्ण मॅट फिनिश भिंतीची लाट झाकतं हे खरं, पण डायनिंगला खुर्चीची पाठ घासते, लहान मुलांचे हात लागतात, फोडणीचा तेलकट धूर किचनमधून येतो. मॅट ग्रे ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसला की तेवढीच जागा चकाकायला लागते, बाजूने बघितलं की ढब्बे दिसतात. रंग जेवढा गडद तेवढे ते जास्त दिसतात. धुता येणारं, किंचित चमकीचं इमल्शन घ्या, दुकानात सॉफ्ट शीन किंवा सॅटिन म्हणतात. खाली तीन फूट सॅटिन आणि वर मॅट असं करू नका. कोड एकच असला तरी चमक बदलली की छटा दोन दिसतात.

हळदीबद्दलही सांगते. ग्रेवर हळदीचा शिंतोडा पडला की लोक साबण लावतात आणि डाग लालसर होतो. हळद अल्कलीत लाल होते, कुंकू करतात ते त्याच गुणावर. आधी कोरड्या कागदाने टिपा, मग पाण्यात थोडा व्हिनेगर घालून मऊ फडक्याने दाबून उचला, घासू नका. राहिलेला पिवळेपणा उन्हाने आपोआप उडत जातो, पण पश्चिम भिंतीवर थेट ऊन कमी, तिथे वेळ लागेल. ब्लीच नको, ग्रेमध्ये फिकट डाग कायमचा राहतो. देवघर जर डायनिंगमध्येच असेल तर निरांजनामागच्या भिंतीवर फूटभर टाइल किंवा काच लावा, काजळी कुठल्याच इमल्शनवरून पूर्ण निघत नाही.

गेरू

पश्चिम भिंत गडद करायला माझी हरकत नाही, चुनकळी यांचं बरोबर आहे की फिकटात फिकट मिळून खोली पाणचट होते. फक्त हिरवा पत्रा काढणार नसाल तर ४५ ऐवजी ५० ला थांबा. तो पत्रा उजेडाचा चांगला हिस्सा खातो.

परसू

याच विषयात माझा प्रश्न जोडतो. दादरची जुनी इमारत, पहिला मजला, समोर मोठा गुलमोहर. फरशी जुन्या मोझॅकची: करड्या जमिनीत पांढऱ्या, काळ्या आणि थोड्या विटकरी खड्या. डायनिंग १० बाय १०, खिडकी पूर्वेला. इथेही तोच पिवळसर ग्रे चालेल का?

गेरू

नाही, तुमच्याकडे वेगळं. मोझॅकमध्ये करडा आधीच आहे, त्याच्याशी भांडणारा दुसरा करडा नको. टाइलचा एक कोपरा स्वच्छ धुऊन, ओला असतानाच बघा, खड्यांचे खरे रंग तेव्हा दिसतात. पांढऱ्या आणि विटकरी खड्यांच्या मधली जी सिमेंटची जमीन आहे तिची झाक पकडा. ती बहुतेक किंचित हिरवट-पिवळी असते. भिंत त्याच झाकेची पण बरीच फिकट ठेवा, ६५ च्या पुढे. मोझॅक स्वतःच गजबजलेलं असतं, भिंतीने शांत राहावं.

गुलमोहराचं म्हणाल तर पानं असताना पूर्वेचा उजेड हिरवा होऊन येतो, उन्हाळ्यात पानगळ झाली की तीच भिंत फिकी पडते, आणि मे महिन्यात फुलं आली की तांबूस छटा घेते. सॅम्पल पानं असताना बघा, वर्षातला सर्वात मोठा काळ तोच.

खाली कोटा किंवा शहाबादी फरशी असलेल्यांसाठीही हेच: कोटा हिरवट, शहाबादी निळसर, भिंतीची झाक फरशीच्या बाजूची ठेवायची. फरशीचा एक सुटा तुकडा घरात पडलेला असेल तर तो पिशवीत घालून दुकानात न्या, फोटोवर विश्वास ठेवू नका.

पागोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रा दुधी करायचं ठरलंय, दिवा ३००० चा आणि किचनचा ४००० चा आणते. फडकं पुसून बघितलं, पिवळी भुकटी भरपूर आली, म्हणजे डिस्टेंपर. रंगाऱ्याला खरवडायचं सांगितलंय. सॅम्पल भिंतीवर लावून बघू की पुठ्ठ्यावर? आणि छताला कुठला पांढरा?

थापी

पुठ्ठ्यावर. लिंबोणी भिंतीवर लावलेला ग्रेचा पट्टा भोवतीच्या पिवळ्यामुळे जांभळाच दिसणार, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. दोन बाय दोन फुटांचे पांढरे जाड पुठ्ठे घ्या, एक हात प्रायमर, दोन हात रंग, कडेपर्यंत. कडेला पांढरी चौकट सोडू नका, तिच्यामुळे रंग गडद भासतो. मागे छटेचा कोड आणि एलआरव्ही लिहा. एक दिवस वाळू द्या. मग पुठ्ठा उभा धरा, आडवा टेबलावर ठेवून बघू नका, भिंत उभी असते आणि तिच्यावर उजेड कमी पडतो. एकेक पुठ्ठा आधी फरशीला टेकवून, मग टेबलामागे, मग किचनच्या दाराशेजारी. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री नवा दिवा लावून. दिवा आणि पत्रा बदलल्यानंतर, त्याआधी नाही.

छताला ‘सुपर व्हाइट’ नको, त्यात निळसर झाक असते आणि तुमचा पिवळसर ग्रे तिच्यापुढे मळका दिसेल. उबदार ऑफव्हाइट घ्या, किंवा दुकानदाराला तुमच्याच ग्रेच्या कोडमधली रंगद्रव्यं एक चतुर्थांश करून पांढऱ्या बेसमध्ये टाकायला सांगा, मशिनवर तो पर्याय असतो. ९९ चौरस फुटांच्या छताला एक लिटर काठावर पुरतो, हॉलचं छत सलग असल्याने तेही त्याच वेळी करावं लागेल, म्हणून हॉल मोजून एकदमच घ्या. छताला मात्र पूर्ण मॅट.

खरवडताना फरशीवर जुनी चादर नको, पाणी झिरपतं आणि पिवळं पाणी टाइलच्या सांध्यांत बसतं. प्लास्टिक अंथरा, कडा टेपने स्कर्टिंगला चिकटवा. खरवडून झाल्यावर भिंत पाण्याने धुऊन दोन दिवस वाळू द्या, मग लांबी.